जास्त निघालेली कॅश

स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरत होता आणि शहारेकाका दोन्ही हात मांडीवर ठेवून कौतुकानं त्याच्याकडे बघत बसले होते.

मी चपला काढता काढता दारातच थांबले. मला बोलावलं होतं प्रिंटरसाठी. "प्रिंटर छापून नाही राहिला, बाई. बँक बंद व्हायच्या आत पायजे," एवढंच काका फोनवर म्हणाले होते. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि स्कूटी काढून मुर्रीला आले. गोंदियाच्या बाजारातून मुर्री काही लांब नाही. गाव शहराला चिकटलंच आहे, मधे मधे धानाच्या बांध्या, म्हणजे भातशेतीचे तुकडे, उरल्या आहेत म्हणून गाव म्हणायचं.

"काका, माउस कोन हलवून राहिला?" मी विचारलं.

"अमितजी. कंपनीचे," काका म्हणाले. "तेबी सकाळपासून प्रिंटरच्याच मागं लागले आहेत. त्याइच्यानं होऊन नाही राहिलं, म्हणून तुमाले बोलावलं."

टेबलावर मोबाइल उताणा पडला होता, स्पीकर चालू. त्यातून आवाज आला, "काकाजी, कौन आया है?"

"प्रिंटरवाली मॅडम आहे," काका म्हणाले.

पलीकडून गोड आवाजात, "अरे, उनको क्यों तकलीफ दी? मैंने बोला था ना, रसीद की कोई ज़रूरत नहीं. आप बस बैंक निकलिए."

मी स्क्रीनजवळ गेले. प्रिंटरच्या सेटिंगची खिडकी उघडी होती आणि बाण तिच्यात चाचपडत होता. चोराच्या हातूनही प्रिंटर सरळ चालत नाही हे बघून दुसऱ्या एखाद्या दिवशी मला बरं वाटलं असतं. पण त्या खिडकीमागे बँकेचं पान उघडं होतं, काकांच्या नावासकट.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. गोंदियात माझं छोटं दुकान आहे. हार्ड डिस्क उडाली, प्रिंटर अडकला, कीबोर्डवर चहा सांडला की लोक माझ्याकडे येतात. राइस मिलवाले येतात, सीएचे असिस्टंट येतात, शाळावाले येतात. बाई आहे म्हणून सुरुवातीला लोक विचारायचे, "भैया कहाँ हैं?" आता विचारत नाहीत. भैया कधीच नव्हते. घरी मी एकटी आणि दुकानातही एकटीच.

बाण आपोआप कसा फिरतो ते सांगते. एक सॉफ्टवेअर असतं. ते तुमच्या कॉम्प्युटरवर टाकलं आणि त्यात दिसणारा नंबर समोरच्याला सांगितला की तो कुठेही बसून तुमचा कॉम्प्युटर चालवू शकतो. सॉफ्टवेअर वाईट नाही. मीसुद्धा वापरते, आमगावच्या ग्राहकाचं काम त्यावर होतं आणि माझं पेट्रोल वाचतं. घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवतो तसंच आहे ते. शेजारी कोण आहे एवढंच बघायचं.

मी काकांना काही न विचारता खिडकीतल्या राउटरचं बटण बंद केलं. बाण जिथे होता तिथे थांबला.

"काऊन बंद केला?" काका उठले. "माणूस काम करून राहिला ना!"

"काका, फोन कापा आधी."

"असा कसा कापू? बोलून राहिले ते."

फोनमधला आवाज बोलतच होता. "काकाजी, नेट गया क्या? मैडम ने बंद किया?" मी फोन उचलला आणि विचारलं, "कौन सी कंपनी से बोल रहे हो?" त्यानं एक इंग्रजी नाव सांगितलं, कुठल्याही साबणाला शोभेल असं. ऑफिस कुठे विचारलं तर म्हणाला, "मैडम, आप टेक्निशियन हैं, आप तो समझती होंगी, कस्टमर के सामने ये सब बात नहीं करते." मग मला ओलांडून काकांशी बोलायला लागला, "काकाजी, ध्यान रखिए. अनजान आदमी को कंप्यूटर पर हाथ मत लगाने दीजिए. आजकल बहुत फ्रॉड चल रहा है."

हसावं की डोकं आपटावं, कळेना. मी फोन कापला. तो लगेच परत वाजला. मी आवाज बंद केला आणि टेबलावर पालथा ठेवला. काका माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या पाहुण्याला दारातून हाकललं होतं.

शहारेकाका रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. तिकीट खिडकीमागे त्यांचा जन्म गेला. छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज, होती तेव्हापासून, बालाघाटकडे ती खेळण्यासारखी गाडी जायची तेव्हापासून. काकू अंगणवाडी सेविका होत्या, त्या जाऊन दोन पावसाळे झाले. मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीला आहे, रविवारी फोन करतो. हा कॉम्प्युटर त्याचाच जुना. काका त्यावर एकच गोष्ट करायचे. कोणती गाडी कुठे पोचली आणि किती लेट आहे ते बघत बसायचे. जायचं कुठेच नव्हतं. पण हावडा मेल राजनांदगावला अडकली तर काकांना माहीत असायचं.

त्या गाड्यांच्याच कुठल्यातरी साइटवर एकदा स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजायला लागला आणि "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा" असं आलं. हे फार जुनं सोंग आहे. ती नुसती जाहिरात असते. कॉम्प्युटरला काही झालेलं नसतं. मेन बटण दाबून बंद केला की व्हायरसही जातो आणि भोंगाही. पण घरात एकट्या माणसासमोर भोंगा वाजला की तो बटण शोधत नाही. काकांनी नंबर लावला. तिकडे अमित होता. त्यानं ते सॉफ्टवेअर टाकून घेतलं, थोडे पैसे घेऊन अँटिव्हायरस टाकल्याचं नाटक केलं. इथपर्यंत नेहमीचंच. असे लोक एकदा पैसे घेतात आणि पसार होतात.

हा पसार झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, "काकाजी, सिस्टम ठीक चल रहा है ना?" त्याच्या पुढच्या दिवशीही आला. मग रोज. सिस्टमचं एक वाक्य आणि बाकीच्या गप्पा. गुडघा कसा आहे. डबेवाली आली का. छोट्या लाइनच्या गोष्टी तो पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. "जेवन झालं का, काका" एवढं मराठी शिकला. काकांच्या तोंडून ऐकून फोन ठेवताना तोसुद्धा "जय भीम, काकाजी" म्हणायला लागला. त्या दिवसापासून काकांनी त्याला आपल्यातला धरला.

हे सगळं मला काकांनी त्या दुपारी उभ्या उभ्याच सांगितलं, रागात. अमित चांगला माणूस आहे हे मला पटवण्यासाठी सांगितलं.

"मंग आज बँकेत कायले जाऊन राहिले?" मी विचारलं.

"त्याचे पैसे वापस कराले."

मग कळलं. अमितची कंपनी म्हणे बंद होणार होती आणि अँटिव्हायरसचे पैसे सगळ्या ग्राहकांना परत मिळणार होते. त्यासाठी त्यानं सकाळी काकांना बँकेचं पान उघडायला सांगितलं. पान उघडलं. स्क्रीन जराशी काळी झाली. मोबाइलवर ओटीपी आले, काकांनी सांगितले. स्क्रीन परत आली तेव्हा खात्यात ढीगभर पैसे जमा दिसत होते.

"त्याच्यानं शून्य जास्त दाबल्या गेले," काका म्हणाले. "रडून राहिला होता, बाई, तो. म्हणे, काकाजी, मेरी नौकरी जाएगी. जास्तीचे पैसे आजच्या आज वापस करा लागते. बँकेत कोनाले सांगू नोका म्हणे, नाही तं त्याच्यावर केस होते."

दुसरं कुणी असतं तर एवढे पैसे बघून गप्प बसलं असतं. किंवा मुलाला विचारू म्हणालं असतं. काकांचं तसं नव्हतं, आणि का नव्हतं ते समजायला तिकीट खिडकी समजून घ्यावी लागेल. ड्युटी संपली की विकलेली तिकिटं आणि गल्ल्यातली कॅश जुळवतात. कमी निघाली तर क्लार्कनं खिशातून भरायची. आपल्याला वाटतं, जास्त निघाली तर चांगलंच की. उलट ते जास्त वाईट. जास्तीची कॅश म्हणजे कुणा प्रवाशाला सुट्टे पैसे कमी दिले, असा सरळ अर्थ काढतात. तपासणीला व्हिजिलन्सवाले आले आणि गल्ल्यात चार पैसे जास्त सापडले की माणूस गेलाच कामातून. काकांच्या बाजूच्या खिडकीवरचा एक जण असा सस्पेंड झाला होता. त्यामुळे जास्तीची कॅश काकांना विस्तवासारखी वाटायची. अमितनं छोट्या लाइनच्या गोष्टी उगीच ऐकल्या नव्हत्या.

फक्त एक गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती. जास्तीची कॅश भरली की पावती घ्यायची, ही पण खिडकीचीच सवय. काका म्हणाले होते, पावती छापून हातात आल्याशिवाय पैसा सोडणार नाही. अमितनं स्क्रीनवर पावती टाइप करून दिली. पण प्रिंटर छापेना. सकाळपासून बिचारा त्याच्यामागे लागला होता. आणि काकांनी त्याला न विचारता मला फोन केला.

मी सांगायला सुरुवात केली. ओटीपी कुणाला सांगायचा नसतो. खरी कंपनी असा फोन करत नाही. पैसे परत द्यायला तुमचा कॉम्प्युटर कुणाला लागत नाही. ही वाक्यं मी दुकानात रोज म्हणते, पाठ आहेत. काका ऐकत नव्हते.

"तुमी मले शिकवू नोका," ते म्हणाले. "त्याच्याशी मी रोज बोलतो. तुमी दोनदा आल्या, दोन्ही टायमाले पैसे घेऊन गेल्या."

खरं होतं.

मी खुर्ची ओढून बसले. पालथा मोबाइल टेबलावर थरथरत होता, थांबत होता, परत थरथरत होता. काकांचं सगळं लक्ष तिकडे. मला भीती एवढीच होती की मी गेल्यावर हे राउटर चालू करतील आणि पासबुक घेऊन बँकेत जातील. पेन्शनवर त्यांचं रोजचं भागत होतं. पण निवृत्तीची रक्कम एका एफडीत होती, आणि ती का ठेवली आहे ते मागच्या खेपेला त्यांनी मला सांगितलं होतं. उद्या पडलो-झडलो, बघायला बाई ठेवावी लागली, दवाखाना लागला, तर त्या पैशावर याच घरात राहता येईल. ती एफडी नसली की प्रशांत पुण्याला घेऊन जाणार. फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर. "तिथं मी काय करू?" असं त्यांनी मला विचारलं होतं, जसं काही माझ्याकडे उत्तर होतं.

मग मला सुचलं. सुचलं म्हणजे काय, वैतागूनच तोंडातून निघालं.

"काका, जास्तीची कॅश निघाली तं तुमी तशीच भरून देत होते का?"

"नाही, कशी भरीन? पहिले टॅली करा लागते. कुठून आली ते पाहा लागते."

"मंग ही कुठून आली?"

"अमितनं टाकली ना."

"ते अमित म्हणते. टॅली कोनं केली?"

काकांनी मोबाइलवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"तुमचे दोन काउंटर आहेत बँकेत," मी म्हटलं. "एक सेव्हिंग, एक एफडी. सेव्हिंगवर जास्त निघाले. एफडीवर कमी तं नाही ना झाले?"

"एफडीले काय होते? ते तं..." काका थांबले. मग त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला.

"चला," म्हणाले.

कुलूप लावून त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं आणि माझ्या स्कूटीवर मागे बसले. वाटेत रेल्वेच्या फाटकाजवळ मालगाडीसाठी थांबलो तेव्हा म्हणाले, "नसन तसं."

बँकेत गर्दी होती. धान विकून झालेल्या शेतकऱ्यांचे दिवस होते ते. मी रांग सोडून सरळ आत टेबलावर बसलेल्या ऑफिसरकडे गेले. पोरगेलासा माणूस, बिहारकडचा असावा. मी कमीत कमी शब्दांत सांगितलं आणि म्हटलं, "आधी एफडी बघा." त्यानं नंबर टाकला. कळा दाबल्या. मग काकांकडे बघितलं.

"अंकलजी, आपकी एफडी तो आज सुबह ब्रेक हुई है. ऑनलाइन. पैसा आपके ही सेविंग में आया है."

"मी नाही मोडली," काका म्हणाले.

"ओटीपी से हुआ है. आपके ही मोबाइल का ओटीपी."

असा होता तो प्रकार. स्क्रीन काळी करून अमितनं काकांचीच एफडी मोडली आणि काकांच्याच दुसऱ्या खात्यात टाकली. बाहेरून एक पैसा आला नव्हता. पण सेव्हिंगचं खातं उघडून बघणाऱ्याला वाटणार, आकाशातून पडले. आता ते "परत" करायचे म्हणजे स्वतःची एफडी स्वतःच्या हातानं, स्वतः फॉर्मवर सही करून, त्याला द्यायची. नव्या खात्यावर ऑनलाइन मोठी रक्कम लगेच जात नाही, बँक थोपवून धरते. म्हणून म्हातारा स्वतः बँकेत गेलेला त्याला सोयीचा होता. आणि सही केल्यावर तक्रार तरी कुणाविरुद्ध करणार?

काका समोरच्या खुर्चीत बसले. म्हणाले, "म्हणजे जास्तीची नव्हतीच. माहीच होती."

एवढ्यात मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले, काय झालं विचारलं आणि सुरू झाले. "अंकल, सरकारी नौकरी किया हुआ आदमी और ओटीपी दे दिया? हम इतने मैसेज भेजते हैं, पढ़ते नहीं आप लोग?" आजूबाजूचे लोक माना वळवून बघायला लागले. काकांनी मान खाली घातली. माझं डोकं सरकलं.

"साहब, डाँट बाद में," मी म्हटलं. "पहले नेटबैंकिंग लॉक करो. वो आदमी अभी भी लाइन पर है."

खरंच होता. काकांच्या हातातला मोबाइल पुन्हा थरथरला. स्क्रीनवर काकांनी इंग्रजीत सेव्ह केलेलं नाव आलं, अमितजी कंपनी.

"उचलू का?" काकांनी मला विचारलं.

"नाही."

"त्याले वाटन का मी पडलो-बिडलो कुठं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते. मला रडू आलं असतं, पण मॅनेजर समोर होता आणि त्याच्यासमोर मला रडायचं नव्हतं.

बाकीचं काम सरळ होतं. ऑफिसरनं नेटबँकिंग बंद केलं आणि पैसे पुन्हा एफडीत टाकले. मोडल्याबद्दल थोडं व्याज गेलं, बाकी सगळं वाचलं. सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. एक सांगून ठेवते. पैसे गेले असतील तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात, म्हणून लाज नंतर वाटून घ्यायची, तक्रार आधी करायची. लोक उलट करतात. चार दिवस घरात तोंड लपवून बसतात आणि मग माझ्याकडे येऊन कॉम्प्युटर तपासायला सांगतात. तोवर कॉम्प्युटरमध्ये बघण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मुर्रीला परत येऊन मी ते सॉफ्टवेअर काढलं. पूर्ण फॉरमॅट मारला, म्हणजे कॉम्प्युटर धुऊन पुसून नव्यासारखा केला. पासवर्ड बदलले. अमितचा नंबर ब्लॉक करताना काकांच्याच बोटानं करवला. काका सांगितलं ते सगळं निमूट करत होते, ते मला त्यांच्या रागापेक्षाही वाईट वाटलं. दुपारचा भांडणारा माणूस बरा होता.

मी निघताना ते दारापर्यंत आले.

"प्रशांतले नोका सांगू."

"मी कायले सांगू?"

"त्याचा नंबर आहे तुमच्याजवळ. हा कॉम्प्युटर त्यानंच तुमच्याकडून बसवून घेतला होता. त्याले समजलं तं तो उद्याच तिकीट काढन माहं." त्यांनी दाराची चौकट धरली. "मी लोकाइचे इतके तिकीट कापले, बाई. मले नाही जाचं कुठं."

मी प्रशांतला सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, अजून ठरवलेलं नाही. मी टेक्निशियन आहे, नातेवाईक नाही, असं मी त्या दिवशी स्वतःला समजावलं. आणि पैसे वाचले होते, हे तर खरंच.

प्रिंटर मात्र तसाच राहिला होता. ज्या कामासाठी गेले ते सोडून बाकी सगळं केलं होतं. कार्ट्रिजमधली शाई वाळली होती, बस. काही दिवसांनी नवं कार्ट्रिज मिळालं तसं मी दुपारची मुर्रीला गेले. काका ओसरीत बसले होते. कॉम्प्युटर बंद होता, वर पांढरं फडकं टाकलेलं.

"गाड्या नाही पाहून राहिले का आजकाल?" मी विचारलं.

"पायतो कधी कधी."

मी कार्ट्रिज बसवलं, एक पान छापून दाखवलं. काकांनी ते पान हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि खाली ठेवलं. मग म्हणाले, "लावला होता मी फोन."

"कोनाले?"

"अमितले."

"नंबर तं ब्लॉक केला होता आपण."

"शेजारच्या बाईच्या मोबाइलवरून लावला. नंबर पाठ आहे मले."

"कायले लावला, काका? काही सांगतलं तं नाही ना त्याले? ओटीपी? पासवर्ड?"

"काही नाही सांगतलं. मी एवढा येडा नाही आता." ते भिंतीकडे बघत बोलत होते. "मी त्याले म्हणलो, बाबू, मले सारा समजला. पैसे आता नाही भेटत तुले. एक पैसाबी नाही. पण तुझ्यावर मी केस नाही लावत. तू असाच बोलत जा. पाच मिनिट बोल. नाही तं दोन मिनिट बोल."

"मंग?"

"कापला त्यानं." काकांनी मांडीवरचा हात उचलून परत मांडीवरच ठेवला. "पुन्हा लावला तं बंद."

मला त्या अमितचा तेव्हा जेवढा राग आला तेवढा बँकेतही आला नव्हता. चोरी करायला निघाला होता, ते समजू शकते. तो त्याचा धंदा. पण एवढे दिवस "जय भीम, काकाजी" म्हणत होतास, गुडघ्याची चौकशी करत होतास, तर दोन मिनिटं बोलून फोन ठेवला असतास तर तुझं काय जाणार होतं? मग वाटलं, मी तरी काय करत होते? कार्ट्रिजच्या बिलाची पावती माझ्या हातातच होती.

काकांनी चहा ठेवला. मी घेतला. छोट्या लाइनची एक गोष्ट त्यांनी सांगितली आणि मी ती पूर्ण ऐकली. बरी होती. पण मला दुकान होतं आणि अंधार पडायच्या आत दोन ठिकाणी जायचं होतं. रोज सकाळी फोन करणं मला काही जमणार नव्हतं आणि मी तसं वचनही दिलं नाही. खोटं बोलणारा एक होऊन गेला होता, तेवढं पुरे.

तेव्हापासून दुकानात कुणी वयस्कर ग्राहक आला, कॉम्प्युटर स्लो झाला म्हणाला, तर अँटिव्हायरस कोणता हा प्रश्न मी दुसरा विचारते. पहिला विचारते, दिवसभरात तुमच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलतं? लोकांना राग येतो. जवळच्या गोरेगावचे एक रिटायर्ड मास्तर म्हणाले, "तुमी मशीन पाहा, बाई, माह्या घरात नोका पाहू." मी मुकाट ऐकून घेते. मलाच कुणी हे विचारलं तर मीसुद्धा आधी चिडेन, आणि मग मलाही आठवावं लागेल.

बहुतेक जण पटकन सांगतात. बायको, सून, नातवंड, पानठेल्यावरचा दोस्त. ज्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये मी ते दुसऱ्याच्या हातात माउस देणारं सॉफ्टवेअर आधी शोधते. बहुतेक वेळा सापडतं.